विश्लेषण : ज्यांच्या नावाने डाव ओळखला जातो, ते मासाहिको किमुरा रिंगणात हरले कसे?

मिक्स्ड मार्शल आर्ट्सची लढत सुरू असते. खाली पडलेल्या मल्लाचा हात कोपरात वाकवून पाठीमागे पिरगाळला जातो आणि समालोचक ‘किमुरा’ असे ओरडतो. हा शब्द आज जगभरच्या आखाड्यांत रोज वापरला जातो, पण जपानी भाषेत या डावाचे नाव वेगळेच आहे. किमुरा हे एका माणसाचे आडनाव. मासाहिको किमुरा हे ज्यूदोच्या इतिहासातील सर्वांत ताकदवान मल्लांपैकी एक. ब्राझीलमध्ये त्यांनी जिंकलेल्या एका लढतीमुळे हा डाव त्यांच्या नावाने अमर झाला. तीनच वर्षांनी टोक्योत हरलेल्या एका लढतीमुळे मात्र मायदेशात त्यांचे नाव मागे पडले. ती लढत खरी होती की ठरवून केलेली, हा वाद जपानमध्ये आजही संपलेला नाही. पुढे ‘शूट स्टाइल’ कुस्ती जन्माला आली, तिच्या मुळाशीही हाच प्रश्न होता.

किमुरा घडले कसे?

मासाहिको किमुरा यांचा जन्म १० सप्टेंबर १९१७ रोजी क्युशू बेटावरील कुमामोतो येथे झाला. घरची परिस्थिती बेताची. वडील नदीतील वाळू-खडी काढण्याचे काम करत आणि लहानपणापासून किमुराही त्यांना मदत करत. पाण्यात उभे राहून जड ओझी उपसण्याच्या या कामातूनच त्यांचे पाय आणि कंबर भक्कम झाली, असे मानले जाते. वयाच्या नवव्या वर्षी त्यांनी ज्यूदो शिकायला सुरुवात केली. शाळेत असतानाच ते चौथ्या दानपर्यंत पोहोचले. दान म्हणजे काळ्या पट्ट्यानंतरची श्रेणी.

तात्सुकुमा उशिजिमा हे त्या काळातील नामवंत ज्यूदोपटू. तेही कुमामोतोचेच. त्यांनी या मुलाला हेरले आणि टोक्योला नेऊन ताकुशोकु विद्यापीठात दाखल केले. किमुरा उशिजिमा यांच्याच घरी राहत. गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि उरलेला वेळ तालमीत घालवायचा, अशी ही शिकवण होती. उशिजिमा यांचे एक स्वप्न अपुरे राहिले होते. जपानच्या सम्राटांसमोर होणारी स्पर्धा त्यांना १९२९ आणि १९३४ अशा दोन्ही वेळा जिंकता आली नव्हती. ती आता शिष्याने जिंकावी, यासाठी त्यांनी किमुरा यांना अक्षरशः पिळून काढले.

१९३५ हे वर्ष कलाटणी देणारे का?

१९३५ मध्ये कोदोकान या ज्यूदोच्या मुख्य संस्थेत किमुरा यांनी एकामागून एक आठ प्रतिस्पर्ध्यांना हरवले आणि अवघ्या अठराव्या वर्षी पाचवे दान मिळवले. त्या वयात हा मान कोणालाही मिळाला नव्हता. पण त्याच वर्षी ते चार लढती हरलेही. त्यांना हरवणाऱ्यांमध्ये केंशिरो आबे होते. हेच आबे पुढे ब्रिटनमध्ये गेले आणि तिथे त्यांनी आयकिदो नेले. हे पराभव किमुरा यांना इतके लागले, की ज्यूदो सोडून देण्याचा विचार त्यांच्या मनात आला. मित्रांनी समजूत घातल्यावर ते तालमीत परतले.

परतल्यावर त्यांनी सरावाचे गणितच बदलले. इतर जण जितका वेळ घाम गाळतात, त्याच्या कित्येक पट आपण गाळायचा, असे त्यांनी ठरवले. दिवसाला नऊ-दहा तास सराव, शेकडो जोर, वजने उचलणे आणि रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराच्या लढती मनात पुन्हा खेळून पाहणे, असा त्यांचा दिनक्रम होता. हात कणखर व्हावेत म्हणून ते कराटेही शिकले.

या काळात त्यांनी दोन हत्यारे घासूनपुसून तयार केली. पहिले ‘ओसोतो-गारी’. आपल्याकडील कुस्तीत टांग मारतात, त्याच्याशी याचे नाते जवळचे. प्रतिस्पर्ध्याचा तोल मागे ढकलायचा, त्याच्या पायामागे बाहेरून आपला पाय घालायचा आणि मुळासकट उपटल्यासारखे त्याला पाठीवर आदळायचे. किमुरा हा डाव रोज झाडाच्या बुंध्यावर मारून घटवत. त्यांची टांग बसली की समोरचा इतक्या जोराने आदळे, की सरावातील सोबती त्यांना हा डाव न वापरण्याची विनंती करत, अशी आठवण सांगितली जाते. दुसरे हत्यार होते जमिनीवरील लढतीतील ‘उदे-गारामी’, म्हणजे हाताचा पेच. त्या काळी महाविद्यालयीन ज्यूदोत जमिनीवर लढण्याला मोठे महत्त्व होते आणि या कलेत किमुरा वाकबगार झाले.

सम्राटांसमोरील स्पर्धेत काय झाले?

१९३७, १९३८ आणि १९३९ अशी सलग तीन वर्षे किमुरा यांनी अखिल जपान स्पर्धा जिंकली. १९४० मध्ये सम्राटांसमोरची स्पर्धा पुन्हा भरवण्यात आली. ही स्पर्धा दरवर्षी होत नसे, त्यामुळे मल्लाच्या आयुष्यात अशी संधी एखाद-दुसऱ्या वेळीच येई. किमुरा यांनी ती दवडली नाही. गुरूला दोनदा हुलकावणी दिलेले विजेतेपद त्यांनी जिंकले.

तेव्हा किमुरा २२ वर्षांचे होते. त्यांची उंची जेमतेम १७० सेंटिमीटर आणि वजन ८५ किलोच्या आसपास. ज्यूदोत तेव्हा वजनगट नव्हते, त्यामुळे आपल्यापेक्षा कितीतरी धिप्पाड मल्लांनाही ते चीत करत. अशा मल्लासारखा पूर्वी झाला नाही आणि पुढे होणार नाही, अशी त्यांची ख्याती झाली. १९३५ नंतर ज्यूदोच्या स्पर्धात्मक लढतीत त्यांना कोणी हरवू शकले नाही. पण उमेदीची पुढची वर्षे महायुद्धाने खाल्ली. १९४२ मध्ये त्यांना लष्करात जावे लागले.

ज्यूदो सोडून पैशासाठी लढण्याची वेळ का आली?

१९४५ मध्ये जपान शरण गेला. दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाने शाळांमधील युद्धकलांच्या शिक्षणावर बंदी घातली. युद्धकला शिकवणाऱ्यांचे पोट शिक्षकाच्या नोकरीवर चाले, ती नोकरीच गेली. देशभर अन्नाची टंचाई होती. कालपर्यंत देशाचा मानबिंदू असलेले किमुरा काळ्या बाजारात मालाची ने-आण करून दिवस काढू लागले. १९४९ मध्ये ते पुन्हा अखिल जपान स्पर्धेत उतरले. अंतिम लढतीत ताकाहिको इशिकावा यांच्याशी बरोबरी झाल्याने विजेतेपद दोघांना विभागून मिळाले.

विजेतेपदाने घर चालणार नव्हते. त्यातच पत्नीला क्षयरोग झाला. त्या काळात क्षयावरील नवी औषधे मिळत होती, पण सामान्य माणसाला ती परवडणारी नव्हती. १९५० मध्ये उशिजिमा यांनी तिकिटे लावून ज्यूदोच्या लढती भरवण्याचा प्रयोग सुरू केला. ही जपानमधील पहिली व्यावसायिक ज्यूदो मंडळी. किमुरा त्यात सामील झाले. पण काही महिन्यांतच पैसा आटला आणि मल्लांचे मानधन थकले. अखेर किमुरा यांनी काही सहकाऱ्यांसह हवाईची वाट धरली. तिथे ज्यूदोची प्रात्यक्षिके करता करता त्यांना व्यावसायिक कुस्तीचे दार उघडले. हाती पैसा आला, पत्नीच्या औषधांची सोय झाली.

कोदोकानला मात्र हे रुचले नाही. ज्यूदो हे चारित्र्य घडवण्याचे साधन आहे, तिकीट विकून दाखवण्याचा खेळ नाही, अशी त्या वर्तुळातील धारणा होती. किमुरा यांना तेव्हा सातवे दान मिळालेले होते. त्यांची श्रेणी तिथेच थांबली. पुढे ४० हून अधिक वर्षे ते जगले, पण आठवे दान त्यांना कधीच मिळाले नाही.

ब्राझीलमधील ती लढत कोणती?

१९५१ मध्ये किमुरा ब्राझीलला गेले. तिथे जपानी स्थलांतरितांची मोठी वस्ती होती आणि ज्यूदोच्या प्रात्यक्षिकांना गर्दी होत असे. याच देशात ग्रेसी कुटुंबाने जपानी मल्लांकडून शिकलेल्या कलेला स्वतःचे वळण दिले होते. आज ती ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणून ओळखली जाते. या कुटुंबातील एलिओ ग्रेसी हे अंगाने सडपातळ, पण जमिनीवरील लढतीत चिवट होते. किमुरा यांच्यासोबत आलेले युकिओ कातो यांच्याशी एलिओ यांची पहिली लढत बरोबरीत सुटली. दुसऱ्या लढतीत एलिओ यांनी गळा आवळून कातो यांना बेशुद्ध केले. आता किमुरा यांना उतरावेच लागणार होते.

२३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओ दि जानेरोतील माराकाना येथे ही लढत झाली. गुण नाहीत, पाठ टेकली तरी निकाल नाही. समोरच्याने हार मानली किंवा तो लढू शकत नसेल, तरच लढत संपणार, असे ठरले होते. पहिल्या फेरीत किमुरा यांनी एलिओ यांना पुन्हा पुन्हा उचलून आपटले. जमिनीवर आवळलेल्या गळपेचात आपण काही क्षण शुद्ध हरपलो होतो, असे एलिओ यांनी पुढे अनेक वर्षांनी मान्य केले. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीलाच किमुरा यांनी ओसोतो-गारी मारून त्यांना खाली पाडले आणि लगेच डावा हात उदे-गारामीत पकडला.

हात पिरगळत गेला, पण एलिओ यांनी चटईवर थोपटून हार मानली नाही. हाड मोडल्याचा आवाज आपल्याला ऐकू आला, असे किमुरा यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. अखेर एलिओ यांचे थोरले भाऊ कार्लोस यांनी टॉवेल फेकून लढत थांबवली. एलिओ यांच्या जिद्दीचे किमुरा यांनी मोकळेपणाने कौतुक केले. ग्रेसी घराण्यानेही पराभव लपवला नाही. ज्या डावाने आपला मल्ल हरला, त्याला त्यांनी जिंकणाऱ्याचेच नाव दिले. उदे-गारामीचा हा प्रकार त्यांच्या तालमींमध्ये ‘किमुरा’ म्हणून शिकवला जाऊ लागला.

हा डाव नेमका चालतो कसा?

या पेचात ताकदीपेक्षा तरफेचे तत्त्व महत्त्वाचे आहे. समजा, प्रतिस्पर्धी पाठीवर पडला आहे. एका हाताने त्याचे मनगट पकडायचे. दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलेच पहिले मनगट पकडायचे. आता दोन हातांची घट्ट चौकट तयार होते. प्रतिस्पर्ध्याचा कोपर साधारण काटकोनात वाकलेला ठेवून त्याचा पंजा पाठीच्या दिशेने वर फिरवायचा.

अशा वेळी पकडलेला पुढचा हात लांब दांड्यासारखा काम करतो आणि सारा ताण खांद्याच्या सांध्यावर येतो. खांदा जिथवर वळू शकतो तिथवर वळतो, मग स्नायुबंध ताणले जातात. त्यापुढे सांधा निखळतो, कोपराला इजा होते किंवा दंडाचे हाड मोडते. म्हणूनच सरावात हा पेच सावकाश लावतात आणि समोरच्याने थोपटताच सोडतात. तो खालून, वरून, बाजूने आणि उभ्यानेही लावता येतो, हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य. हा पेच किमुरा यांनी शोधलेला नाही. ज्यूदोत तो आधीपासून होता. युरोप-अमेरिकेतील जुन्या ‘कॅच’ कुस्तीतही तो दुहेरी मनगट-पकड म्हणून माहीत होता. पण एवढ्या मोठ्या गर्दीसमोर, हार न मानणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर तो किती भेदक ठरू शकतो, हे किमुरा यांनी दाखवून दिले.

रिकिदोझान यांच्याशी संबंध कसा आला?

किमुरा जपानला परतले तेव्हा तिथे व्यावसायिक कुस्तीचा नवा व्यवसाय उभा राहत होता. त्याचे सूत्रधार होते रिकिदोझान. मूळचे कोरियातील रिकिदोझान आधी सुमो मल्ल होते. १९५३ मध्ये त्यांनी जपान प्रो रेसलिंगची स्थापना केली. त्याच वर्षी जपानमध्ये दूरचित्रवाणीचे प्रसारण सुरू झाले. या दोन गोष्टींची गाठ पडली आणि चमत्कार झाला.

१९ फेब्रुवारी १९५४ रोजी टोक्योतील कुरामाए कोकुगिकान या सुमोच्या आखाड्यात रिकिदोझान आणि किमुरा या जोडीची लढत बेन आणि माइक शार्प या धिप्पाड भावांशी झाली. घरात टीव्ही असणारे तेव्हा थोडेच होते. चौकाचौकांत, रेल्वे स्थानकांबाहेर बसवलेल्या टीव्हीसमोर हजारो लोक दाटीवाटीने उभे राहिले. युद्ध हरलेल्या देशाला गोऱ्या पैलवानांना लोळवणारा नायक मिळाला. तो नायक रिकिदोझान होते.

या लढतींचे निकाल आधी ठरलेले असत. आपल्याकडे अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणतात. जोडीच्या लढतीत मार खाण्याचे, पाठ टेकण्याचे काम बहुतेकदा किमुरा यांच्या वाट्याला येई. मग रिकिदोझान रिंगणात उतरत आणि कराटेसारखे तळहाताचे तडाखे देऊन बाजी पलटवत. एके काळी ज्यांना कोणी हरवू शकत नव्हते, ते किमुरा लाखो लोकांच्या नजरेत दुय्यम साथीदार ठरले. ही सल वाढत गेली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी वृत्तपत्राकडे बोलताना, खरी लढत झाली तर आपण रिकिदोझान यांना हरवू, असे जाहीर केले. देशभर खळबळ उडाली आणि दोघांची लढत ठरली.

२२ डिसेंबर १९५४ रोजी काय घडले?

जपानचा हेवीवेट विजेता ठरवणारी ही लढत त्याच कुरामाए कोकुगिकानमध्ये झाली. किमुरा ३७ वर्षांचे, रिकिदोझान ३० वर्षांचे. किमुरा यांच्या सांगण्यानुसार, पहिली लढत बरोबरीत सोडवायची आणि पुढच्या लढतींत दोघांनी आलटून पालटून जिंकायचे, असे आधीच ठरले होते. त्या हिशेबाने ते फारशी तयारी न करता उतरले. सुरुवातीची काही मिनिटे लढत ठरल्याप्रमाणे चालल्यासारखी दिसत होती.

मग अचानक चित्र पालटले. किमुरा यांची एक लाथ कमरेखाली लागल्याचे कारण देत रिकिदोझान चवताळले, असे त्यांच्या बाजूने सांगण्यात आले. किमुरा यांच्या मते हा सरळ विश्वासघात होता. रिकिदोझान यांनी सुमोतील जोरदार तडाख्यांचा आणि लाथांचा भडिमार सुरू केला. काय चालले आहे हे किमुरा यांना उमगेपर्यंत उशीर झाला होता. ते कोसळले. तोंडातून रक्त वाहत होते आणि सुमारे १६ मिनिटांच्या आत लढत थांबवावी लागली. किमुरा यांचे मित्र आणि पुढे क्योकुशिन कराटेचे संस्थापक म्हणून गाजलेले मासुतात्सु ओयामा तेव्हा रिंगणाजवळ होते. रागाच्या भरात ते रिकिदोझान यांना आव्हान देण्यास निघाले होते, अशी हकिगत सांगितली जाते.

या पराभवाची किंमत मोठी होती. निकाल आधी ठरला होता, असे सांगावे तर आपण नुरा कुस्ती करत होतो, हे कबूल करावे लागणार. न सांगावे तर आपण खरोखरच हरलो, असे लोक मानणार. किमुरा या कात्रीत सापडले. परतीची लढत कधीच झाली नाही. रिकिदोझान देशाचे दैवत बनले. १९६३ च्या डिसेंबरमध्ये टोक्योतील एका नाइट क्लबमध्ये त्यांना भोसकण्यात आले आणि आठवडाभराने, ३९ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. हिशेब चुकता करण्याची संधी किमुरा यांच्या हातून कायमची गेली.

त्यानंतर किमुरा यांनी काय केले?

किमुरा यांनी कुमामोतोत स्वतःची कुस्ती मंडळी काढली, पण तिचा जम बसला नाही. ते परदेश दौऱ्यांवर जात राहिले. १९५९ मध्ये ते पुन्हा ब्राझीलला गेले. तिथे वाल्देमार सांताना यांच्याशी त्यांच्या लढती झाल्या. हे सांताना एलिओ यांचेच जुने शिष्य आणि १९५५ मध्ये पावणेचार तासांच्या लढतीत गुरूला हरवणारे मल्ल. ठोशा-लाथांसह सर्व काही चालणाऱ्या लढतीत ४० मिनिटांनंतर दोघांमध्ये बरोबरी झाली. किमुरा तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते.

१९६० च्या दशकात ते आपल्या जुन्या ताकुशोकु विद्यापीठात ज्यूदोचे प्रशिक्षक म्हणून परतले. १९६४ च्या टोक्यो ऑलिम्पिकमध्ये हेवीवेट गटात रौप्यपदक जिंकणारे कॅनडाचे डग रॉजर्स त्यांच्या हाताखाली सराव करत. त्यांचे शिष्य कानेओ इवात्सुरी यांनी १९७१ मध्ये अखिल जपान स्पर्धा जिंकली. ज्या मैदानावर किमुरा स्वतः राज्य करत, तिथे त्यांनी शिष्याला उभे केले. १९८५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

‘शूट स्टाइल’ म्हणजे काय आणि किमुरा यांचा तिच्याशी काय संबंध?

कुस्तीच्या व्यवसायात ठरवून केलेल्या लढतीला ‘वर्क’ आणि खऱ्या लढतीला ‘शूट’ म्हणतात. १९५४ मधील त्या रात्री वर्क म्हणून सुरू झालेली लढत मध्येच शूट झाली. त्यानंतर तीन दशके जपानमधील व्यावसायिक कुस्ती नाट्यमय वळणानेच चालली. मात्र बेल्जियममध्ये जन्मलेले कार्ल गॉच यांच्यासारखे शिक्षक तरुण मल्लांना सांधे जखडण्याचे खरे डाव शिकवत होते. त्यांच्या शिष्यांना दोरावरून धावणे आणि खोटा मार खाणे हे सारे फोल वाटू लागले.

१९८४ मध्ये यूडब्ल्यूएफ ही संस्था सुरू झाली. आकिरा माएदा, योशिआकी फुजिवारा, सातोरु सायामा, नोबुहिको ताकादा हे तिचे प्रमुख चेहरे. त्यांनी लाथा जोरात मारल्या, आपटणे खरे ठेवले आणि लढत हातापायांच्या पेचाने किंवा बेशुद्धीने संपवली. तरीही बहुतेक निकाल ठरलेलेच असत. दिसायला खरी, निकालाने ठरलेली, अशी ही मधली वाट म्हणजे शूट स्टाइल. दुहेरी मनगट-पकड म्हणजेच किमुरा हा तिच्यातील नेहमीचा पेच. गॉच यांच्या कॅच कुस्तीतून आणि किमुरा यांच्या ज्यूदोतून, अशा दोन वाटांनी तो जपानी रिंगणात पोहोचला. पुढची पायरी १९९३ मध्ये आली. याच परंपरेतील मल्लांनी पँक्रेस ही संस्था काढली आणि निकाल न ठरवता लढायला सुरुवात केली.

ग्रेसी घराण्याशी हिशेब पुन्हा कसा निघाला?

काझुशी साकुराबा हे शूट स्टाइलच्याच तालमीतून, यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनलमधून आलेले मल्ल. पुढे ते प्राइड या स्पर्धेत खऱ्या लढती लढू लागले. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्यांनी एलिओ यांचे पुत्र रॉयलर यांना किमुरा पेचात पकडले आणि पंचांनी लढत थांबवली. मे २००० मध्ये एलिओ यांचे दुसरे पुत्र रॉइस यांच्याशी त्यांची लढत ९० मिनिटे चालली. अखेर रॉइस यांच्या बाजूने टॉवेल टाकण्यात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्लोस यांचे नातू रेन्झो यांचा कोपर याच पेचात निखळला. रेन्झो यांनीही थोपटले नाही. माराकानातील लढतीला तेव्हा जवळपास अर्धशतक होत आले होते. डाव तोच होता आणि हार न मानण्याचा हट्टही तोच.

किमुरा यांना न्याय मिळाला का?

हे सारे पाहायला किमुरा नव्हते. १८ एप्रिल १९९३ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर जेमतेम सात महिन्यांनी, १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत पहिली यूएफसी स्पर्धा झाली आणि ती रॉइस ग्रेसी यांनी जिंकली. ग्रेसी घराण्याच्या कलेचा डंका जगभर वाजला. त्यासोबत त्यांच्या तालमीत जपलेले एक जपानी आडनावही देशोदेशी पोहोचले. जपानमध्ये मात्र दीर्घकाळ किमुरा यांची ओळख रिकिदोझान यांच्याकडून हरलेला मल्ल एवढीच होती. २०११ मध्ये लेखक तोशिनारी मासुदा यांचा किमुरा यांच्यावरील जाडजूड चरित्रग्रंथ प्रसिद्ध झाला. तो चांगलाच गाजला आणि नव्या पिढीला सम्राटांसमोर जिंकलेला, झाडाच्या बुंध्याला टांगा मारणारा, आजारी पत्नीच्या औषधासाठी रिंगणात उतरलेला किमुरा कळला.

कोदोकानच्या दफ्तरात ते शेवटपर्यंत सातव्या दानचे राहिले. पण आज टोक्योपासून रिओपर्यंत कुठल्याही तालमीत नवखा मुलगा दुसऱ्याचे मनगट पकडून आपले दोन हात गुंफतो, तेव्हा शिकवणारा त्या डावाचे जे नाव घेतो, ते किमुरा यांचे असते.